ड्रम गेला, बादली राहिली

"ऐकलंस का? निळ्या गेटवाल्यांचा कंपोस्टचा ड्रम गेला भंगारात."

काकूंनी भिंतीवर कोपर टेकवलं म्हणजे बैठक निदान अर्ध्या तासाची. बिबवेवाडीतल्या आमच्या या जुन्या बंगल्यांच्या गल्लीत कंपाउंडच्या भिंती कमरेएवढ्याच. पलीकडे काकू, अलीकडे मी. काकू सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या. कुणाकडे काय जमा आणि काय नावे, सगळं तोंडपाठ. मी ऑफिसचं काम घरातूनच करणारी, म्हणजे हाकेला ओ देणारी.

"कधी?"

"काल दुपारी. तू मीटिंगमध्ये होतीस, कानाला ते लावून. टेम्पो आला, काटा लावला, वजनावर गेला. घेतला तेव्हा काय कौतुक होतं! हळद-कुंकू तेवढं वाहायचं राहिलं होतं."

"लॉकडाऊनमध्येच घेतलेला ना?"

"२०२० चा. त्या वर्षी या गल्लीत काय काय सुरू झालं ते मी सगळं पाहिलंय. दुसरं होतं काय पाहायला? निळ्या गेटवाल्यांचा ड्रम, सरांच्या गच्चीवरचं बायोएन्झाइम, समोरच्यांच्या कुंड्यांतली मेथी, आमच्या ह्यांचं सायकलच्या टायरचं झुंबर..."

"झुंबर?"

"विचारू नकोस. पहिल्या वळवात खाली आलं."

काका आत पेपर वाचत बसले होते. पेपराचं पान जरा जोरात उलटल्याचा आवाज आला. काकूंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पण ड्रमचं बिघडलं काय?"

"ड्रमचं काहीच बिघडलं नाही. त्यांनी त्यात नुसतं ओलं टाकलं. कलिंगडाची सालं, आंब्याच्या कोयी, उरलेली आमटी, आणि वरून झाकण घट्ट. आत हवा नाही, तळाला पाणी साठलेलं. आठवड्यात वास सुटला. मग अळ्या झाल्या, आणि वहिनींनी सांगून टाकलं, एक तर हा ड्रम या घरात राहील नाही तर मी."

"अळ्या झाल्यावर कुणीही हेच म्हणेल, काकू."

"अगं, ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणतात त्या माशीच्या असतात त्या. चावत नाहीत, घरात येत नाहीत, कचरा मात्र भराभर फस्त करतात. ओल फार झाली की त्यांची चंगळ. दोन ओंजळी वाळका पाला वर टाकला की ओल हटते, त्याही कमी होतात. पण एवढं ऐकून घ्यायला वहिनी थांबल्या पाहिजेत ना! नंतर इतकी वर्षं तो ड्रम तसाच उभा. छत्र्या ठेवायचे त्यात."

"मग काढला का नाही लगेच?"

काकूंनी आवाज खाली आणला. "मालमत्ता कर. गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी जिरवणं, यातलं एक असलं तर महापालिका सर्वसाधारण करात ५ टक्के सूट देते, दोन असली तर १० टक्के. ड्रम घेतला तेव्हा त्यांनी तेच डोक्यात धरलं होतं. पण प्रकल्प चालू असायला लागतो बाई. छत्र्यांना सूट नाही."

एवढं बोलून काकू आपल्या परसात गेल्या आणि हाताने मला खुणावलं. मी भिंतीवरून वाकले. विटांवर रंगाच्या दोन बादल्या, अंगाला तापवलेल्या सळईने पाडलेली भोकं, खाली जुनं ताट. काकूंनी एका बादलीचं झाकण काढलं. वरच्या थरात कालच्या पडवळाच्या बिया आणि कांद्याची सालं ओळखू येत होती. खुरप्याने जरा बाजूला सारल्यावर खाली सगळं काळं, भुसभुशीत. वास म्हणाल तर ओल्या मातीचा.

"हे बघ. तळाला करवंटीचे तुकडे, म्हणजे पाणी निथळतं. भाजी चिरून झाली की देठ-सालं टाकायची आणि लगेच वर मूठभर पाला. वर हिरवं दिसता कामा नये, एवढाच नियम. ओल्याला कोरड्याची जोड हवी. त्या कोरड्यामुळे आत हवा खेळती राहते. दोन-चार दिवसांनी एकदा वरखाली करायचं. सुरुवातीला आंबट ताक शिंपडलं होतं, आता जुनंच खत थोडं विरजणाला. ही भरली की ती सुरू. ती भरेपर्यंत हिचं खत होतं. तेलकट नाही, हाडं नाहीत, आणि कोय टाकलीस तर ती आपली वर्षभर तुझ्याकडे बघत बसेल."

"पण रोज वेळ काढायचा म्हणजे..."

"किती वेळ लागला आत्ता? तुझ्या मीटिंगमध्ये 'आवाज येतोय का, आवाज येतोय का' चालतं ना, त्यापेक्षा कमी."

मला हसू आवरेना. पाल्याची गोणी मात्र माझ्या डोळ्यात भरली. आमच्या गल्लीत बदामाची आणि आंब्याची मोठी झाडं आहेत. पानगळीच्या दिवसांत पूर्वी सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर पाल्याचे ढीग पेटलेले असायचे आणि घराघरांत खोकल्याची साथ.

"आता जाळतं का कुणी?" काकू म्हणाल्या. "मी झाडणाऱ्या बाईंना सांगून ठेवलंय, पाला माझ्या दारात लोटा. लोक मला हसायचे. मग पुण्यातच अदिती देवधरांचं 'ब्राउन लीफ' निघालं. ज्याच्याकडे पाला जास्त झाला त्याने, ज्याला बागेला-खताला हवा त्याला द्यायचा, अशी गाठ घालून देतात. लोक गाडी घेऊन पाला न्यायला येतात म्हणे! तेव्हापासून हसायचे थांबले. आता दोन गोण्या चोरीलासुद्धा गेल्यात."

"पाला चोरीला?"

"संशय कुणावर आहे ते विचारू नकोस. सरांच्या गच्चीवरचे टोमॅटो उगीच एवढे लाल नाहीत."

सरांचा विषय निघाला म्हणजे बायोएन्झाइमचा निघणारच. लिंबू-संत्र्या-मोसंब्याची सालं तीन भाग, गूळ एक भाग, पाणी दहा भाग, आणि तीन महिने थांबायचं. फरशी पुसायला, सिंक घासायला उत्तम पाणी मिळतं. सरांनी ते शास्त्रोक्त मापाने केलं. फक्त पहिला महिनाभर बाटलीचं झाकण रोज सैल करून आतला वायू सोडायचा असतो, ते करायला ते विसरले. एका दुपारी गच्चीवर जो आवाज झाला, त्याने लॉकडाऊनमध्ये घरात बसलेली सगळी गल्ली गेटवर आली.

"त्या दिवसांत तेवढंच मनोरंजन," काकू म्हणाल्या. "भिंतीवर मोसंब्याच्या फोडी, आणि सर म्हणतात, प्रयोग यशस्वी झाला, वायू तयार होतोय."

मग आम्ही दोघी हसत हसत त्याच दिवसांत शिरलो. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण सापडले ते पुण्यातच. मग २२ तारखेचा जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी. बिबवेवाडीला मार्केट यार्ड म्हणजे परसदार. शनिवारची सुट्टी सोडली तर एरवी हवी ती भाजी, हवी तेव्हा. रविवारी तर अर्धं पुणं गुलटेकडीला. एप्रिलमध्ये यार्डातला भाजीबाजारच बंद झाला आणि भाजी गल्लीच्या तोंडाशी टेम्पोतून येऊ लागली. बांधलेली पिशवी, आत काय असेल ते आपलं.

"आणि असायचा दुधी," मी म्हणाले.

"दरवेळी दुधी! आमच्या ह्यांनी दुधीला पाहून नमस्कार करायला सुरुवात केली होती. पण बघ, तेव्हाच परत सगळं हाताशी आलं. दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी, दोडक्याच्या शिरांची चटणी, फ्लॉवरच्या दांड्यांची भाजी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची थालीपिठं, फणसाच्या आठळ्या आमटीत. शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी. माझ्या सासूबाई यालाच संसार म्हणायच्या. मधली तीस वर्षं आपण ते सगळं बादलीत टाकत होतो, कारण बाहेर पडायची घाई."

"पण मला तर उलट वाटायचं, काकू. सगळे घरात बसल्यावर आमची बादली दुप्पट भरायला लागली. घरी राहिलं की कचरा वाढतो, असंच वाटलं होतं."

काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. आता बँकेतल्या काकू बोलणार, हे मी ओळखलं.

"वाढला कुठे? खातं बदललं. तू ऑफिसला जायचीस तेव्हा तिथे चहाचे किती कागदी कप टाकायचीस? कॅन्टीनच्या ताटात किती उरायचं? तुझा मुलगा कॉलेजात वडापाव खायचा त्याचा कागद? तो सगळा कचरा तुझाच होता, पण तो खराडीच्या, शिवाजीनगरच्या डब्यात जमा व्हायचा. घरी बसल्यावर तुझ्याच दारात आला. शहराचा एकूण कचरा तर त्या महिन्यांत कमी झाला होता, कारण हॉटेलं बंद, ऑफिसं बंद, मंगल कार्यालयं बंद. पुण्याचा रोजचा कचरा २,००० टनांच्या आसपास, म्हणजे एरवी कुणालाच आपला दिसत नाही. तेव्हा पहिल्यांदा ज्याचा त्याला दिसला."

हे मला पटलं. चार माणसं चोवीस तास घरात. दिवसाला काय बाहेर जातं ते नजरेसमोर. बरं, बादलीत घालायला कागदही नव्हता, कारण पेपर घरी येणं बंद झालेलं. प्लास्टिकच्या पिशव्या तर राज्यात २०१८ पासूनच बंद. ओलं आणि कोरडं एकत्र कोंबून गाठ मारायची जी सोय होती, तीच गेली.

"बरं झालं गेली," काकू म्हणाल्या. "त्या गाठीच्या आत काय असतं ते सोडवणाऱ्या बायकांना विचार."

आमच्या गल्लीत सकाळी ढकलगाडी घेऊन येणाऱ्या ताई त्या सगळ्या काळात येत राहिल्या. आपण दाराला कडी घालून, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवत बसलो होतो तेव्हा त्या आपला कचरा हाताने उचलत होत्या. कचरावेचकांची ताकद पुण्यात एका दिवसात उभी राहिलेली नाही. १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना झाली. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन दारोदारचं संकलन सुरू झालं. आज अशा तीन हजारांहून जास्त जणी-जण शहरात फिरतात. महिन्याचे पैसे घराघरांतून मिळतात, आणि सुका माल विकून वरची कमाई.

"टाळेबंदीत भंगाराची दुकानं बंद होती," काकू म्हणाल्या. "ताई मला म्हणाल्या होत्या, आजी, माल साठलाय पण घेणारा कुणी नाही. म्हणजे काम दुप्पट जोखमीचं आणि कमाई निम्मी. त्यातच आपले मास्क. वापरलेला मास्क कापून कागदी पिशवीत घालायचा, ७२ तास बाजूला ठेवायचा आणि मग सुक्या कचऱ्यात द्यायचा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितलं होतं. आपल्या गल्लीत किती जणांनी केलं?"

"तुम्ही केलंत."

"मी केलं, कारण मला रिकामपण होतं. आणि बाकीच्यांची नावं मी घेत नाही." असं म्हणून काकूंनी तीन घरांकडे हनुवटीने खूण केली.

त्यांच्या ओट्याच्या टाइलवर दुधाच्या पिशव्या चिकटवलेल्या असतात, हे मी खिडकीतून रोज पाहते. आज त्याचंही प्रात्यक्षिक झालं. पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही. टोक पिशवीलाच लटकत राहिलं पाहिजे, कारण तो सुपारीएवढा तुकडा सुटला की कुणाच्या हाती लागत नाही आणि थेट नाल्यात जातो. दूध ओतलं की पिशवी आडवी कापून पाण्याने विसळायची, ते पाणी कणकेत. मग पिशवी टाइलला थापायची. वाळली की आपोआप सुटते. सुटलेल्या पिशव्या एका डब्यात. स्वच्छ दूधपिशवीला भंगारात चांगला भाव येतो. आंबलेली पिशवी ताईंनाच नाक दाबून धुवावी लागते.

"२०१९ मध्ये मंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं होतं, दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत मिळणार म्हणून," मी आठवण करून दिली.

"हो, आमच्या ह्यांनी हिशेबही मांडला होता, वर्षाला किती होतील त्याचा. पन्नास पैशांची वाट पाहिली असती तर पिशव्या अजून लोळत असत्या. मी ताईंना देते. त्यांच्या हातात आत्ता पैसे पडतात, हे बरं."

मी विचारलं, "काकू, तुम्हाला एवढं मनापासून का वाटतं हो याचं? म्हणजे बाकी गल्लीला नाही वाटत तेवढं."

काकू क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "माझं माहेर सासवड. सासवडची एसटी कुठून जाते?"

"हडपसर, मग फुरसुंगी, उरुळी देवाची..."

"मंतरवाडी आली की खिडकी लावायची. आमच्या लहानपणी नाही, लग्नानंतर. पूर्वी पुण्याचा कचरा कोथरूडला जायचा. आता जिथे वनाझचा मेट्रो डेपो आहे ना, तिथे. कोथरूड वाढलं, बंगले आले, मग डेपो उठला आणि उरुळी-फुरसुंगीच्या वाट्याला सगळं आलं. तिथल्या विहिरींचं पाणी पिववेना. गावातल्या पोरांना सोयरीक मिळेना, असं आमच्या माहेरची माणसं सांगायची. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी गाड्याच अडवल्या. तीन आठवडे शहरात ढीग. तेव्हा आपल्या गल्लीतले लोक गावकऱ्यांना नावं ठेवत होते. मी भिंतीवरून भांडले होते दोघांशी."

"कुणाशी?"

"एकांनी ड्रम घेतला नंतर. म्हणून तर मला त्यांचं कौतुक वाटलं होतं गं! माणूस बदलला असं वाटलं. पण उत्साहावर चालणारी गोष्ट उत्साहाबरोबर जाते. या गल्लीत २०२० मध्ये जे जे मोठ्या थाटात निघालं, त्यातलं काय उरलंय सांग."

मी आठवू लागले. समोरच्यांची मेथी गेली. कुंड्यांत आता शोभेचा मनीप्लँट. सरांनी स्फोटानंतर एन्झाइम सोडलं, टोमॅटो धरले. आमच्याकडे मुलाने यूट्यूब बघून जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवायला घेतल्या होत्या. मशीन बंद करून तो आयटीत लागला. पण कापडी पिशवी गाडीच्या डिकीत असते, ती राहिली, कारण तिच्यासाठी काही करावं लागत नाही. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळं देणं राहिलं. लेकीने एकदा कपाटातच कागद आणि लाल पेन ठेवून दिलं आणि विषय मिटला. वाण्याकडे डाळ-तांदळाला डबे घेऊन जाणं मात्र टिकलं नाही, कारण दरवेळी आठवण ठेवावी लागते.

"बघ म्हणजे," काकूंनी बोटं मोडली. "ज्याला आठवण लागते, ते गेलं. जे हाताशी ठेवलं, ते राहिलं. निळ्या गेटवाल्यांचा ड्रम तेव्हा गच्चीवर होता. दोन जिने! कोण चढणार दुधीची सालं घेऊन? माझी बादली स्वयंपाकघराच्या दारात, पाल्याची गोणी तिच्या शेजारी. मी काही त्यांच्यापेक्षा चांगली नाही, माझं फक्त अंतर कमी आहे."

एवढ्यात काका चहाचा कप विसळून बाहेर आले आणि चोथा गुलाबाच्या बुंध्याशी टाकून, काही न बोलता परत आत गेले.

"हे शिकवायला मला किती वर्षं लागली, माहितीये?" काकू कुजबुजल्या. "निवृत्त नवरा दिवसभर घरात म्हणजे दर दीड तासाला चहा. आधी चोथा सिंकमध्ये, सिंक तुंबलेलं, प्लंबर दारात. मग मी गुलाब उचलून मागच्या दाराशी आणला. बोलले काहीच नाही."

"आणि बोहारीण? ती येते का हो अजून? टाळेबंदीत गाठोडी साठली होती तेव्हापासून माझ्याकडे काही कपडे पडूनच आहेत."

"येते की, पासलकर चौकाकडून येते, पण आता पातेल्यावर फार घासाघीस करते. म्हणते, ताई, हे सगळं पॉलिस्टर, ह्याला काय करू? तिचंही बरोबर आहे. माझ्या सुती साड्यांच्या गोधड्या झाल्या, पिशव्या झाल्या, तेव्हा मास्क झाले. तुमच्या त्या टीशर्टांचं पोतेरंही होत नाही; पाणीच शोषत नाहीत. घेतानाच बघायचं, हे मरताना काय होणार आहे."

"काकू, टीशर्ट घेताना कोण असा विचार करतं?"

"नका करू. पण मग २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. आंबिल ओढ्याला पूर आला, सहकारनगर-पद्मावतीच्या बाजूला घरं वाहून गेली, माणसं गेली. ओढ्याचं पात्र आवळलं, बांधकामं झाली, हे खरंच. पण पाणी ओसरल्यावर पुलांच्या जाळ्यांना आणि झाडांना काय लटकत होतं, ते आपण दोघींनी जाऊन पाहिलंय."

पाहिलं होतं. मी काही बोलले नाही. काकूंनीच विषय फिरवला, कारण कोपऱ्यावरच्या बंगल्यापुढे पार्सलवाला थांबला होता.

"आला. आजचा दुसरा. परवा तिच्याकडे बसले होते तेव्हा एक लिपस्टिक आली, खोका मिक्सरचा! खोक्यात खोका, त्यात फुगे भरलेलं प्लास्टिक, त्यात ती. वाईट नाही गं कोपऱ्यावरची वहिनी, पण खोके तसेच गेटबाहेर ठेवते. रात्री पाऊस पडला की पुठ्ठा भिजला. भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव पडतो. चिकटपट्टी काढून, घडी घालून, आत कोरड्यात ठेवलं तर ताईंना चार पैसे सुटतील. आणि रोज एकेक मागवण्यापेक्षा आठवड्याचं एकदम मागव म्हणावं. घरात बसून कंटाळा आला की ही बटणं दाबते."

"सांगा ना मग तिला."

"मी? मी सांगितलं की ते लेक्चर होतं. तू सांगितलंस की गप्पा होतात. आणि मुख्य गोष्ट वेगळीच आहे, तेवढ्यासाठी तर तुला हाक मारली. शुक्रवारी भिशी तिच्याकडे आहे. मागच्या खेपेला तिने कागदी डिश आणल्या होत्या, आणि त्या पाण्याच्या छोट्या छोट्या बाटल्या. दोन घोट प्यायचं आणि ठेवायची. कुणाची कुठली कळेना, मग प्रत्येकीने दुसरी फोडली. त्या डिशला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, वर पावभाजी लागलेली. माझ्या बादलीत चालत नाही, ताईंच्या मालात चालत नाही. म्हणजे गेली उरुळीला."

"मग काय करायचं?"

"माझ्या माळ्यावर मुलाच्या मुंजीतली स्टीलची ताटं आहेत, दोन डझन. वाट्या-पेलेसुद्धा. काल काढून घासून ठेवलीत. धुवायचं काय, म्हणेल ती. म्हणावं, प्रत्येकीने आपलं ताट विसळून ठेवायचं, बाकी मोलकरणीला जादा पैसे भिशीच्या शिलकीतून. शिलकीचा हिशेब माझ्याकडे आहे, पैसे आहेत. आणि पुढच्या भिशीपासून ताटं ज्या घरी भिशी त्या घरी पोचती होतील, परत कुणाला विचारायला नको, ठरवायला नको, आठवायला नको."

म्हणजे ड्रमची बातमी, सरांचा स्फोट, सासवडची एसटी, हे सगळं होऊन काकू मुद्द्यावर आल्या होत्या. मला ऑफिसचा फोन वाजत होता. मी निघाले तशी काकूंनी भिंतीवरून हात लांब करून माझा पदर, म्हणजे ओढणी, धरली.

"आणि हे बघ, मी म्हणाले असं सांगू नकोस. तुलाच सुचलं म्हणून सांग."

"काकू, तिला लगेच कळेल हे कुणाचं डोकं आहे ते."

"कळू दे की. चिडेल, माझ्या पाठीमागे चार शब्द बोलेल. पण बोलताना ताट स्टीलचंच असेल."